प्रिंटरला विचारू नका

आमची सून दिवसभर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची दारं वाजवत बसते, आणि हे काम तिला पुण्याच्या एका कंपनीनं रीतसर पत्र देऊन लावलेलं आहे.

हे वाक्य मी जुन्नरच्या पेठेत आजवर इतक्यांदा म्हटलंय की आता मी तोंड उघडलं की समोरचा माणूसच ते पुरं करतो. पण करू काय? आमच्या घराण्यात असं कोणी झालंच नाही. वडिलांनी गुऱ्हाळ चालवलं, मी छापखाना काढला, मुलगा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे, आणि सून, प्राजक्ता तिचं नाव, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून घरूनच नोकरी करते. कंपन्यांच्या यंत्रांत चोर कुठून शिरेल, ते चोराच्या आधी शोधून ठेवायचं, हे तिचं काम. सुरुवातीला मी गावभर 'आमची सून हॅकर आहे' असं सांगत होतो. तिनं हात जोडले. म्हणाली, "नाना, हॅकर नका म्हणू, लोक घाबरतात." तेव्हापासून मी ते हळू आवाजात सांगतो.

एकदा चहा पिता पिता तिनं मला तिचं काम समजावून सांगितलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्या एकेका पत्त्याला पासष्ट हजारांवर दारं. त्यांना पोर्ट म्हणायचं. (पासष्ट हजार! आमच्या घराला दोन दारं, त्यातलं मागचं पावसाळ्यात फुगून बसतं.) बहुतेक दारं बंद असतात. एखादं चुकून उघडं राहिलं की चोराचं फावतं. म्हणून पायथन नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहायचा. दारं वाजवायची कला कोणीतरी आधीच लिहून एका लायब्ररीत ठेवलेली असते, आपण ती फक्त कामाला लावायची. मग तो प्रोग्राम एकेक दार वाजवत जातो. बंद असलं तर पुढं. उघडं असलं तर विचारतो, 'कोण आहे?' आतलं यंत्र कुठली बोली बोलतं ते ठाऊक नसतं, म्हणून तीन वेगवेगळ्या बोलींत तीनदा विचारतो. यंत्रानं नाव सांगितलं की ते पडद्यावर येतं.

"म्हणजे घरोघर लग्नपत्रिका वाटायला गेल्यासारखंच की," मी म्हणालो.

"तसंच," ती म्हणाली. "फक्त आपल्या स्वतःच्या नेटवर्कवर, नाहीतर ज्यानं लेखी परवानगी दिलीय त्याच्या. न विचारता दुसऱ्याची दारं वाजवली तर पोलीस पत्रिका घेऊन आपल्याकडं येतात."

त्याच सुमारास छापखान्याचं वायफाय मरगळलं होतं. मी कुणाकुणाला पासवर्ड वाटलाय ते मला आठवेना. (आठवत होतं. सांगवेना.) म्हणून प्राजक्तानं आमच्या नेटवर्कपुरता तसा एक छोटा प्रोग्राम लिहिला, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि मला शिकवलं. "ही फाइल उघडायची, हा हिरवा बाण दाबायचा, यादी बघायची. बाकी कशाला हात लावायचा नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

आता आक्का. माझी थोरली बहीण, निरगुडसरला दिलेली. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटाच. लई मायेची, पण तिची माया आधी रागावून घेते आणि मग येते. माझ्यावर तिचा तीस वर्षांचा एक राग होता, आणि खोटं कशाला बोला, तो रास्त होता. माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका मी माझ्याच नव्या कोऱ्या छापखान्यात छापली होती. तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. दाजींचं, म्हणजे आक्काच्या मालकांचं नाव ज्ञानेश्वर. माझ्याकडं 'ज्ञ'चा खिळा एकच, आणि तो आमच्या ज्ञानोबा चुलत्यांच्या नावात अडकलेला. पुण्याहून दुसरा खिळा येईपर्यंत मी दाजींची ओळ बाजूला काढून ठेवली, आणि लग्नाच्या गडबडीत ती बाजूलाच राहिली. पत्रिका वाटून झाल्यावर ते ध्यानात आलं. (खिळा आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.) आक्का लग्नाला आली, अक्षता टाकल्या, आणि पंगतीला न बसता निघून गेली.

तिच्या सागरचं लग्न बोरी बुद्रुकच्या मुलीशी ठरलं, तेव्हा पत्रिकेचं काम तिनं माझ्याकडंच टाकलं. पण दम देऊन.

"बाळू, ब्याण्णव नावं हायती. भावकीत तीन बैठका झाल्यात त्याच्यावर. एक बी नाव गाळलं, मागंपुढं केलं, का कायतरी येडंवाकडं छापलं, तर मला म्हायेर न्हाई असं मी समजंन. सांगून ठिवते."

हे म्हणताना ती हसत नव्हती. मी आज हसत हसत लिहितोय, पण तेव्हा मीही हसलो नव्हतो. बहिणीला चार दिवस हक्कानं येऊन भांडता येईल असं एक दार या जगात उरलेलं, आणि ते आपल्या हातानं बंद व्हायचं म्हणजे काय, हे ज्याला बहीण आहे त्यालाच कळेल.

मी जीव ओतून काम केलं. ब्याण्णव नावं अकरा वेळा तपासली. दाजींचं नाव सर्वांत वर, दोन्हीकडं फुलं काढून. रंगीत छपाई आमचे मशिनमन रफीकभाई यांनी मोठ्या मशिनवर केली. रफीकभाई माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांच्या हातून कागद तिरका गेलेला मी पाहिलेला नाही. शेवटचं काम उरलं, ते पत्रिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहुण्याचं नाव छापायचं. आमच्याकडं हल्ली पेनानं नाव घातलेलं लोकांना चालत नाही. त्यासाठी मी नेटवर्कवर चालणारा नवा प्रिंटर घेतलाय. काउंटरवरून हुकूम सोडायचा, आतल्या खोलीत पत्रिका बाहेर येतात. तालुक्यात असला प्रिंटर दुसऱ्या कोणाकडं नाही. (असेल. मी चौकशी केलेली नाही.)

संकष्टीच्या दिवशी सकाळी आक्का आणि दाजी गाडी घेऊन आले. पहिली पत्रिका ओझरच्या विघ्नहराला ठेवायची आणि तिथूनच वाटपाला सुरुवात करायची, असा तिचा बेत. नावं घातलेल्या सगळ्या पत्रिका आदल्या रात्रीपर्यंत तयार करून, गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या; ते आक्काच्या माणसांनी ओझरहून गावोगाव न्यायचे होते. ऐनवेळी कोणी ओळखीचं भेटलं तर हाताशी असाव्यात म्हणून तिनं पन्नासेक पत्रिका बिननावाच्या सांगितल्या होत्या. त्यांच्या कोपऱ्यात नुसतं 'श्री. व सौ.' एवढंच छापायचं होतं, पुढचं दाजी लिहिणार. त्या पत्रिका रफीकभाईंनी प्रिंटरच्या ट्रेमध्ये लावल्या आणि मला हाक दिली, "नाना, सोडा." मी म्हणालो, "सोडतो." तेवढ्यात आक्कानं विचारलं, "सूनबाई कुठंय?"

"वर आहे. मीटिंग चालू आहे तिची."

"मागल्या टायमाला आले तवा बी मीटिंगच व्हती. दिसभर वर बसून करती काय ती? घरात माणसं कमी पडली का बोलायला?"

झालं. मला कोणी काहीही बोलावं, तीस वर्षं ऐकतोय. पण प्राजक्ताला? अहो, त्या पोरीनं माझा मरायला टेकलेला धंदा कॉम्प्युटरवर आणून उभा केला. माझं डोकं तापलं.

"आक्का, ती काय करते ते मी तुला दाखवतोच," मी म्हणालो, आणि 'श्री. व सौ.' डोक्यातून साफ गेलं.

मी फाइल उघडली. हिरवा बाण दाबला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. आक्का चष्मा लावून पुढं सरकली, दाजी तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"हे बघ. हा राउटर. त्याची दोन दारं उघडी. हा आपल्या दारावरचा कॅमेरा. हा वरचा टीव्ही. आणि हा समोरच्या चहावाल्याचा मोबाइल."

"त्यो कसा काय आला आपल्यात?"

"आला कुठून तरी," मी म्हणालो आणि घाईनं पुढं गेलो. "यातला प्रत्येक जण प्राजक्ताच्या प्रोग्रामला आपलं नाव सांगतोय, बघ. या असल्या प्रोग्रामांनी ती मोठमोठ्या कंपन्या राखते. रखवालीचंच काम आहे, फक्त काठी नाही."

आक्काचा चेहरा जरासा सैलावला. "शाणी हाय पोर," ती म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं. आणि मग तिनं यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. आयुष्यभर पत्रिका वाचलेली बाई ती, नाव कुठं नाही ते तिला आधी दिसतं.

"बाळू, तुझा त्यो नवा प्रिंटर कुठंय रं ह्यात? गावभर सांगत फिरतोस त्यो?"

मी पाहिलं. खरंच नव्हता.

"गाळलं जणू त्याचं बी नाव," आक्का म्हणाली. "तुझ्या छापखान्याची रीतच हाय ती."

दाजी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. माझे कान तापले. मी प्रोग्राम उघडून आत शोधायला लागलो. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण मजकुरातून एखादं नाव हुडकून काढायचं म्हणाल तर माझा जन्म त्यात गेलाय. सापडलंच. एका ओळीत 'वगळा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, त्यापुढं प्रिंटरचा पत्ता, आणि शेजारी माझ्यासाठी म्हणून प्राजक्तानं मराठीत लिहून ठेवलेली टीप: 'प्रिंटरला विचारू नका. तो छापतो.'

मी ती टीप दोनदा वाचली. प्रिंटर छापणार नाही तर काय भाकऱ्या थापणार? पोरीच्या हातून काहीतरी राहून गेलं असेल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, ती 'वगळा'ची ओळ मला बघवेना. सगळ्यांना बोलावणं, आणि घरातल्या सर्वांत कर्त्या यंत्राला वगळलेलं? तेही आक्कासमोर? माझ्या छापखान्यात परत तेच? छापायला गेलेल्या पत्रिकेतलं नाव काढ, घाल, हे फोन मला दिवसातून दहादा येतात. हात आपोआप चालला. मी ती ओळच्या ओळ पुसली आणि बाण दाबला.

यादीत प्रिंटर आला. पत्ता आला. 'दार उघडं' असंही आलं. पण नावाच्या जागी, 'उत्तर नाही'.

"का रं? मुका हाय का त्यो?" आक्कानं विचारलं.

"नवा आहे. बुजत असेल." मी परत बाण दाबला. उत्तर नाही. परत दाबला. उत्तर नाही. आतल्या खोलीत मोठं मशिन दुसऱ्या कुणाच्या तरी हँडबिलांवर धडाडत होतं, त्यामुळं आतलं काही ऐकू येत नव्हतं. मीही इरेला पेटलो. एवढा दिमाखदार प्रिंटर, आणि घरच्या माणसांसमोर नाव सांगत नाही म्हणजे काय? मी दाबतोय, आक्का मोजतीय, दाजी कॅलेंडरचा पुढचा महिना बघतायत. शेवटी प्रिंटरचं दार बंद झाल्यासारखं काहीतरी पडद्यावर आलं आणि मी नाद सोडला.

तेवढ्यात रफीकभाई पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले, दोरी बांधून, गाठ मारून. "नाना, झाल्या."

मला क्षणभर वाटलं, मी 'श्री. व सौ.' कधी सोडलं? मग वाटलं, सोडलं असणार. एका वेळी चार कामं करणारा माणूस मी. आक्कानं गठ्ठा कडेवर घेतला, जाता जाता "सूनबाईला सांग, चांगलं काम हाय तिचं," असं म्हणाली आणि गाडी ओझरकडं गेली. मी काउंटरवर पाय लांब करून बसलो. त्या वेळी जुन्नरमध्ये माझ्याएवढा सुखी माणूस नसेल.

अर्ध्या तासानं प्राजक्ता खाली आली. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. आत्यानं तुझं कसं कौतुक केलं, यादी कशी झरझर आली, आणि तू गाळलेला प्रिंटर मी कसा परत घेतला.

ती जागीच थांबली. "नाना, ती ओळ काढलीत?"

"काढली. बरं दिसत नव्हतं ते."

"मी लिहिलं होतं ना, तो छापतो म्हणून?"

"अगं, छापतोच तो."

"नाना, त्याच्या त्या दारातून काहीही आत गेलं की तो ते कागदावर छापतो. प्रश्न विचारला तर प्रश्नच छापतो. म्हणून त्याला वगळला होता. किती वेळा चालवलंत?"

"दोन-तीनदा," मी म्हणालो. तिनं पडद्यावर वर जाऊन मोजलं.

"सतरा. प्रत्येक वेळी तीन प्रश्न. सतरा त्रिक एक्कावन्न."

"आकडा शुभ आहे," मी म्हणालो. मला अजून कशाचा पत्ता नव्हता. मग आम्ही दोघं आत पळालो. ट्रे रिकामा. एक पत्रिका प्रिंटरच्या तोंडात अडकून राहिलेली. प्राजक्तानं ती हलक्या हातानं ओढून काढली. आक्काच्या सागरची पत्रिका, मधे सोनेरी गणपती, खाली दाजींचं फुलांनी सजवलेलं नाव, आणि वर डाव्या कोपऱ्यात, 'श्री. व सौ.' असायचं तिथं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत: हेल्प.

"याचा अर्थ मला येतो," मी म्हणालो आणि स्टुलावर बसलो.

"हा एक प्रश्न," प्राजक्ता म्हणाली. "बाकीच्या दोन तऱ्हांच्या ओळी लांब आहेत. त्यात तिरक्या रेघा आणि आकडे पण आहेत."

मी रफीकभाईंकडं वळलो. ते शांतपणे हात पुसत होते. "नाना, तुम्ही म्हणालात सोडतो. डाव्या कोपऱ्यात काहीतरी यायचं होतं, ते आलं. माझा चष्मा घरी राहिलाय. मी गठ्ठा बांधला." यात त्यांचं काय चुकलं? काही नाही. मी शोधून पाहिलं.

प्राजक्तानं स्कूटर काढली. मी मागं बसलो. ओझरच्या रस्त्यानं जाताना मी तीन थापा तयार केल्या. एक, कागदच तसा आला. दोन, हल्ली अशी पद्धत आहे. तीन, चहावाल्याच्या मोबाइलनं केलं. तिन्ही तिच्या कानात ओरडून सांगितल्या.

"नाना," ती पुढं बघूनच म्हणाली, "आत्यांना खरं सांगा. प्रोग्राम माझा होता, मी पण सांगते."

"तू काही सांगायचं नाही. तुझी टीप होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं, असं मी तिला सांगितलं. खरं तर आक्का पंगतीला न बसता निघून गेली होती, ती तिची पाठमोरी चाल मला दिसत होती. तीस वर्षांनी परत तेच. आणि या वेळी ती म्हणाली होती तसं करणार, हे मला पक्कं माहीत होतं.

ओझरला संकष्टीची ही गर्दी. आक्का देवळाबाहेर, फुलवाल्याच्या दुकानाशी बसलेली. हातातला गठ्ठा निम्म्यावर आलेला. भोवती चार-पाच बायका पत्रिका हातात धरून वाचतायत, आणि आक्का सांगतेय, "इंग्रजी बी हाय त्याच्यावर. माझ्या भावाचा छापखाना हाय ना जुन्नरला." तिचा चेहरा इतका फुललेला मी सागरच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. मला वाटलं, गप्प बसावं. देवानंच झाकलंय, आपण कशाला उघडावं? प्राजक्तानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी आक्काला बाजूला घेतलं. दाजी पण आले.

"आक्का, ते इंग्रजी म्हणजे चूक आहे. माझी." आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रिंटर, दार, तीन बोली, सतरा वेळा. तिला निम्मं कळलं नसेल. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हंजी सूनबाईनं लिवलं व्हतं, विचारू नका म्हणून. आन तू पुसलंस?"

"हो."

"का पुसलंस?"

"तू म्हणालीस, नाव गाळलं म्हणून."

मी खाली बघत उभा. साठीकडं झुकलेला माणूस मी, दहावीच्या निकालाला उभा होतो तसा उभा होतो. मग तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. बघतो तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी पण येत होतं.

"येड्या, एवढं मनाला लावून घेतलंस व्हय रं? तीस वर्सं?"

"मी कुठं? तू लावून घेतलंस की."

"मी बोलायची. बोलायला कायतरी लागतं का न्हाई भावाशी?" ती म्हणाली आणि तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"पण लिवलंय काय त्यात?" तिनं प्राजक्ताला विचारलं.

"आत्या, काहींवर नुसता यंत्राचा मजकूर आहे," प्राजक्ता चाचरत म्हणाली. "आणि काहींवर, 'वाचवा'."

दाजी चार माणसांत सहसा बोलत नाहीत. त्यांनी पत्रिका हातात घेतली, सागरचं नाव वाचलं, कोपऱ्यातलं इंग्रजी वाचलं आणि म्हणाले, "आमच्या टायमाला ही सोय नव्हती."

आक्का त्यांच्याकडं वळणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोरीचे व्याही. फुलवाल्यानं पत्रिकेचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो बोरीला पोहोचला होता. मला फोनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता.

"ताई, रागावू नका, पर इचारतो. फुलवाल्याच्या पत्रिकेवर वर इंग्रजी मजकूर हाय. आमची नावाची म्हणून आत्ताच तुमचा मानूस घरी देऊन गेला, तिच्यावर नुसतंच नाव. आमी मुलीवाले. आमाला इंग्रजी न्हाई?"

तो फोन ठेवते तोवर निरगुडसरहून चुलत सासऱ्यांचा. त्यांना मी ब्याण्णवांत चौथ्या नंबरावर छापलं होतं, ते त्यांना एरवी पुरलं असतं. मग थोरल्या नणंदेचा. बिननावाच्या पत्रिका रस्त्यात भेटलेल्यांना, आणि त्यांनाच इंग्रजी. मानाच्या माणसांना नुसतं मराठी. भावकी पेटली होती. आणि आक्का? आक्काचा आवाज मोठ्या घरच्या सुनेचा झाला. "येतीय, येतीय तुमची बी. मानाच्या पत्रिका शेवटी निघत्यात," असं तिनं तिघांनाही सांगितलं, फोन पिशवीत टाकला आणि माझ्याकडं बोट केलं.

"बाळू, हीच चूक समद्या पत्रिकांवर कर. कुणाला येक ओळ, कुणाला दोन, असं न्हाई चालायचं. तिन्ही पायजेत. आन ध्यानात ठिव, ह्यात एक बी चूक व्हता कामा नये."

संध्याकाळच्या आत वाटलेल्या पत्रिकासुद्धा 'दुरुस्तीसाठी' म्हणून गोळा होऊन जुन्नरला परत आल्या. आक्का काउंटरमागच्या बाकावर माझ्या जागी बसली, प्राजक्ता तिच्या शेजारी. प्राजक्तानं प्रोग्राम असा बसवला की तिन्ही ओळी एकाच दमात, पाहुण्याच्या नावाच्या बरोबर खाली, सरळ रेषेत येतील. प्रत्येक पत्रिकेला आक्का विचारायची, "दाबू का, पोरी?" आणि प्राजक्ता म्हणायची, "दाबा, आत्या." मला बाणापासून लांब, रफीकभाईंच्या हाताखाली दोरी कापायला बसवलं होतं. दोघींची पाठ मला दिसत होती. दोघी काहीतरी बोलून हसत होत्या, बहुतेक मलाच. एवढी हुशार सून आणि एवढी थोर बहीण एका बाकावर बसलेली, आणि बाक आपल्या छापखान्यातलं. मी दोरी कापत राहिलो.

सागरच्या लग्नात ब्याण्णवांपैकी एकही माणूस पत्रिकेवरून रुसला नाही. निरगुडसरची जुनी माणसं म्हणतात, असं पूर्वी झालेलं आठवत नाही. मंडपात लोकांनी मला शोधून शोधून शाबासकी दिली, तीन जणांनी तर आपल्या घरच्या कार्याला 'तसलंच इंग्रजी' हवं म्हणून तिथंच सांगून ठेवलं. मी छाती काढून सगळ्यांचे नमस्कार घेतले. का घेऊ नयेत? तीस वर्षांच्या धंद्यात एकही चूक न निघालेलं माझ्या छापखान्याचं ते एकमेव काम आहे, आणि ते मी केलेलं नाही, माझ्याकडून झालेलं आहे.